बडीचं रक्त

हैदराबादेतल्या पहिल्या दोन वर्षांत माझं कुणाशीही भांडण झालं नाही. भांडायला आपलं माणूस लागतं. परभणीला आमच्या घरी सकाळच्या चहाआधीच एक भांडण उरकलेलं असायचं. इथे हिमायतनगरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, मी उठून स्टोव्हला शिव्या द्यायची आणि तो बिचारा ऐकून घ्यायचा.

खोली मराठी घरात मिळाली म्हणून आधी मी हरखले होते. घरमालकीणबाई पुण्याच्या, मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत. पहिल्या दिवशी “अगं, ये ना, वर जाऊन बघून घे” म्हणत त्यांनी जिना दाखवला, खाली बसवून चहा दिला. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ‘अगं’चं ‘अहो’ झालं. खोली काढून घेतली नाही, वाकडा शब्द बोलल्या नाहीत, नुसतं ‘अहो’ म्हणत राहिल्या. इतका मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता, आणि कुठलाच मान इतका झोंबलाही नव्हता.

मी जनावरांची डॉक्टर. वडिलांना हे शिक्षणच पसंत नव्हतं. माझ्या आज्यानं धर्म बदलला तेव्हा गावाची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. त्यापायी मार खाल्ला, पण पुन्हा त्या दोराला हात लावला नाही. “त्यानं ढोरं सोडली ती काय नातीनं पुन्हा ढोरामागं लागावं म्हणून?” वडील म्हणायचे. “त्यानं मेलेली सोडली, मी जित्ती धरते,” असं मी म्हटलं की आठवडाभर अबोला. खरं सांगायचं तर माझ्या हाती जित्तं जनावरही क्वचितच लागायचं. शहराबाहेरच्या एका खाजगी कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते आणि माझ्यापर्यंत यायचं ते जनावरांचं रक्त, नळ्यांत भरून, बर्फाच्या डब्यातून.

देशाचे दरवाजे नुकते उघडले होते. आबिड्सच्या दुकानांत परदेशी साबण आले होते, गच्च्यागच्च्यांवर मोठाल्या डिश उगवल्या होत्या आणि आमचे साहेब एका वाक्यात दोनदा ‘एक्सपोर्ट’ म्हणत. मांस किंवा दूध बाहेर पाठवायचं तर जनावरांना लाळ-खुरकूत झालेली नाही हे दाखवावं लागायचं. हा रोग गाईम्हशींच्या तोंडात आणि खुरांत फोड आणतो. जनावर लाळ गाळतं, लंगडतं, आटतं. बहुधा मरत नाही, पण रोग वाऱ्यासारखा पसरतो. रोग येऊन गेला की त्याच्याशी लढताना शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं रक्तात बराच काळ राहतात. ती शोधायची, हे माझं काम. लहान लहान वाट्यांची प्लॅस्टिकची प्लेट, एकेका वाटीत एकेका जनावराच्या रक्तातलं पाणी, त्यावर एकामागून एक औषधं, आणि मग वाट बघणं. वाट बघण्यात मी पहिल्यापासून तरबेज.

अम्मा मला भेटली दुधामुळे. पिशवीचं दूध स्टोव्हवर ठेवलं की नासायचं. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी येताना शेणाचा आणि भिजल्या पेंडीचा वास आला. नारायणगुड्याच्या बाजूच्या एका गल्लीत, दोन नव्या अपार्टमेंटांच्या मध्ये, नऊ म्हशींचा गोठा होता. साठीच्या आसपासची एक बुटकी बाई आंबोण कालवत होती. मी दूध मागितलं. तिनं माझ्याकडे खालीवर पाहिलं आणि विचारलं, “अकेली है क्या?”

आडनावाआधी मला हा प्रश्न विचारणारी त्या शहरातली ती पहिलीच. मी हो म्हटलं. तिनं शेरभर दूध घातलं आणि वर पेलाभर निराळं दिलं. “ये इधरीच पी ले. घर जाको कौन गरम करके देता तेरेकू?”

तेव्हापासून संध्याकाळी मी गोठ्यात जाऊ लागले. ती आणि तिचा नवरा घरात तेलुगू बोलत, माझ्याशी त्यांची हैदराबादी हिंदी. मला ती डाक्टरम्मा म्हणायची, लाडात आली की बिड्डा, म्हणजे लेकरू. त्यांना मूलबाळ नव्हतं. नवऱ्याला मी तातय्या म्हणायची. तो माणूस म्हशींशी जेवढं बोलायचा त्याच्या निम्मंही माणसांशी बोलत नसे. मी पालथ्या घातलेल्या बादलीवर बसायची आणि अम्माशी भांडायची. पेंड कमी घालतेस म्हणायची, पाणी शिळं आहे म्हणायची. “हौ, तू बडी डाक्टर,” ती म्हणायची, “पहले दूध दुहना सीख!” त्या बादलीवर बसून मला परभणीची आठवण यायची आणि यायची नाहीसुद्धा.

मग गल्लीतली ती जागा बिल्डरला गेली. गोठा उठणार हे ठरलं. नऊ म्हशी घेऊन म्हातारा-म्हातारीनं जायचं कुठे? तेवढ्यात शहरापासून दीडेक तासावर एक नवी डेअरी निघत असल्याचं कळलं. एका व्यापाऱ्यानं परदेशी यंत्रं आणून उभी केलेली, फरशीचे गोठे, पंखे, सगळा थाट. त्यांना म्हशी हव्या होत्या आणि म्हशींमधलं कळणारा माणूसही. तातय्याला म्हशींसकट घ्यायला ते तयार झाले, नवरा-बायकोला राहायला तिथेच खोली. अट एकच, म्हशींना खुरकूत झालेली नसावी आणि तसा रक्ताचा दाखला हवा. “आमच्यात कधीच नाही,” तातय्या छातीवर हात ठेवून सांगून आला. दाखला मिळाला तर म्हशींबरोबर राहायचं, नाही मिळाला तर म्हशी कसायाच्या दारात. त्यांचं सगळंच त्या रक्तावर येऊन ठेपलं.

रक्त काढायला मीच गेले. नमुने लावले आणि नऊच्या नऊ म्हशींच्या रक्तात प्रतिपिंडं निघाली, तीही भरभरून. माझा विश्वास बसेना. संध्याकाळी तशीच गोठ्यात गेले आणि खोदून खोदून विचारलं तेव्हा तातय्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, “रक्त बघणार म्हणून कळलं ना, तेव्हाच सगळ्यांना सुई टोचून घेतली. खुरकुतीची. रक्त साफ व्हावं म्हणून.”

मी कपाळावर हात मारून घेतला. पाहुणे यायच्या आधी घर सारवावं तशी त्यानं म्हशींना लस टोचून घेतली होती. लसीनंही प्रतिपिंडंच तयार होतात. आमच्या तपासणीला रोगाची कुठली आणि लसीची कुठली हे कळत नव्हतं. माणूस चांगलं करायला गेला आणि त्याच्या चांगुलपणानंच त्याला आजारी ठरवलं. त्या दिवशी मी तातय्यावर इतकी ओरडले की बांधलेल्या म्हशी माना वर करून बघायला लागल्या. हैदराबादेतलं ते माझं पहिलं खरं भांडण. ओरडून झाल्यावर मला बरं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली.

एक दुसरी, नवी तपासणी होती. लसीत विषाणू मेलेला असतो. जिवंत विषाणू अंगात वाढतो तेव्हा आणखी काही प्रथिनं तयार करतो आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं खरा रोग होऊन गेलेल्याच्याच रक्तात सापडतात. ती तपासणी परदेशातून यायची आणि ‘एक्सपोर्ट’साठी जपून ठेवलेली असायची. दर प्लेटमध्ये काही वाट्या मोकळ्या राहतात, त्यांत हे नमुने लावू द्या, म्हणून मी साहेबांच्या मागे लागले. डेअरीवाला पुढे आपलं गिऱ्हाईक होईल, हे मी म्हटल्यावर साहेबांचं मन द्रवलं.

या तपासणीत वाटी पिवळी झाली तर रोग होऊन गेला, पाण्यासारखी राहिली तर नाही. आठ वाट्या पाण्यासारख्या राहिल्या. नववी हळदीसारखी पिवळी झाली. ती बडीची होती.

बडी म्हणजे गोठ्यातली सगळ्यात थोरली म्हैस, एक शिंग खाली वळलेली. तिची आई व्यायली तेव्हा अम्मानं तिला आपल्या हातांनी ओढून बाहेर काढलं होतं. अम्मा आजारी असली तर बडी दुसऱ्याला कासेला हात लावू देत नसे. मी निकाल सांगायला तोंड उघडलं. आठांचं सांगून झालं, आणि बडीचं नाव घेणार तोच अम्मा म्हणाली, “मेरेकू मालूम था.”

आदल्या वर्षी थोरल्या भावाच्या दिवसांना तातय्या गावी गेला होता तेव्हा बडीच्या तोंडातून लाळ गळायला लागली, पाय टेकवेना. अम्मानं तिला लांब कोपऱ्यात बांधलं, बादली वेगळी केली, खुरांना हळद-तेल लावलं आणि नवरा परत यायच्या आत तिला उभं केलं. सांगितलं मात्र कुणालाच नाही. “बोलती तो बेच डालता था,” ती म्हणाली. तिनं काय काय सोसलं ते तातय्याला तेव्हा कळलं, की ती आपल्याशी खोटं बोलली एवढंच, हे मला आजही सांगता येणार नाही. तो उठून आठ म्हशींना पाणी पाजायला गेला.

मी दाखला खरा लिहिला. आठ येतील, एक नाही. डेअरीच्या लोकांनी आमच्याच प्रयोगशाळेला नियम लिहून मागितले आणि तेही लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. रोगाचे जंतू कपड्यांवरून, चपलांवरून, हातांवरून जातात, म्हणून डेअरीत काम करणाऱ्या माणसानं बाहेर जनावर बाळगायचं नाही. बाळगणाऱ्याच्या घरी जायचं नाही, त्याला डेअरीत येऊ द्यायचं नाही, जिथे खुरकुतीचं रक्त येतं तिथल्या माणसालाही नाही. रक्तात खुरकुतीची खूण असलेलं जनावर दोन तपासण्यांत साफ येईपर्यंत आत घ्यायचं नाही. मी हे सगळं पुस्तकाप्रमाणे लिहिलं. सही करून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी एका नवरा-बायकोला वेगळं केलं होतं.

तातय्या म्हणाला, बडीला विकून टाकू. अम्मा म्हणाली, “कसाई कू नक्को. तू जा.” आणि तो गेला. आठ म्हशी ट्रकमध्ये चढवल्या तेव्हा बडी दावं ताणून हंबरत होती. गल्लीच्या टोकाला अम्माच्या दिराच्या आवारात एका म्हशीपुरती जागा मिळाली. तिथे अम्मा आणि बडी, दोघीच उरल्या. म्हैस एकटी राहणारं जनावर नव्हे. पहिले कित्येक दिवस ती रवंथही धड करत नव्हती. मी संध्याकाळी जायची तेव्हा ती माझ्याकडेसुद्धा अशी मान वळवायची जशी मी आठांपैकीच कुणी आहे.

नवऱ्याला भेटायचं कसं, हे अम्मानं मला विचारलं. मी डॉक्टरी उत्तर दिलं. डोक्यावरून आंघोळ करायची, केस धुवायचे, बडीजवळ कधी न नेसलेली साडी नेसायची, चपला वेगळ्या, आणि मग बडीकडे न वळता थेट बाहेरच्या बाहेर भेटायचं. “साडी किधर रखूं?” ती म्हणाली. दिराच्या घरात सगळीकडे बडीचा वावर. मग ती साडी माझ्या कपाटात आली, जांभळी, पिवळ्या काठांची. चपलाही माझ्या दाराशी आल्या.

महिन्यातून एखाद्या रविवारी ती सकाळी माझ्या खोलीवर यायची. माझ्या मोरीत साबण लावून घासून घासून आंघोळ करायची, साडी नेसायची, माझ्या हातभर आरशात बघून कुंकू लावायची. पहिल्यांदा आली तेव्हा घरमालकीणबाई जिन्याशी आल्या. “अहो, ह्या कोण? रोज येणार का?” मी म्हटलं, “माझी आई आहे. नवऱ्याला भेटायला जायचंय तिला.” बाईंना यातलं काही कळलं नाही, आणि ते कळू द्यावं असं मलाही वाटलं नाही.

मग अम्मा गौलीगुड्याच्या बसस्टँडवर जायची. तिकडून तातय्याची बस यायची. बाकावर बसून दोघं चहा प्यायची. ती त्याला लोणचं द्यायची आणि तो तिला आठ जणींची खबर. मी तिला इथून बसमध्ये बसवून द्यायची आणि खोलीवर परत यायची. ओली मोरी, फरशीवर तिच्या पायांचे ठसे, खोलीभर शिकेकाईचा वास. रविवार कसा घालवावा हे मला कधीच कळलेलं नाही. आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळत हिंडायची, मराठी पुस्तक एखादंच हाती लागायचं. हिंडून झालं की वाटायचं, एवढ्या मोठ्या गावात कुणाला भेटायला जायचं म्हणून मी कधी आंघोळ केली आहे का?

दर काही महिन्यांनी मी बडीच्या मानेतून रक्त काढायची. दर वेळी वाटी पिवळी व्हायची. आता मनातलं सांगते. वाटी पिवळी झाली की मला हायसं वाटायचं. अम्मा आणखी काही महिने इथे राहणार, मला पालथी बादली मिळणार, “कायकू इतनी सूख गई?” असं विचारणारं कुणी असणार. निकाल सांगायला मी तोंड पाडून जायची, आणि ते तोंडही खोटं नसायचं. तिच्यासाठी मला खरंच वाईट वाटायचं. एकाच वाटीकडे बघून एकाच वेळी दोन्ही वाटायचं.

पिवळेपणा मात्र कमी कमी होत गेला. डोळ्यांना कळायच्या आधी यंत्राला कळलं, मग डोळ्यांनाही. दिवाळीनंतर नारायणगुड्यात सदर असतो. गवळी आपापले रेडे तेल चोपडून, शिंगं रंगवून, माळा घालून मिरवत आणतात. त्या वर्षी अम्मानं बडीच्या गळ्यातही एक झेंडूची माळ घातली, आवारातल्या आवारात. ढोलांचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. “अगले साल सब साथ में करेंगे,” ती बडीला म्हणाली. त्या ‘सब’मध्ये मी होते की नव्हते, हे मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या तपासणीत बडीची वाटी पाण्यासारखी राहिली. नियमाप्रमाणे पुन्हा एकदा रक्त काढलं. त्या दिवशी दुपारी प्लेट यंत्रातून बाहेर आली आणि मी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. शेजारच्या वाट्या पिवळ्याधमक, आणि मधली एक निवळ. साहेब म्हणाले, “चला, तुमची म्हैस पास झाली.” मी हसले. मग बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. ही बातमी उद्या सांगितली तरी कुणाचं काय बिघडणार होतं? पण अम्मानं सव्वा वर्ष वाट पाहिली होती आणि वाट बघणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. बसमधून उतरले ती थेट तिच्याकडे गेले.

ती बडीला घासत होती. मी म्हटलं, “अम्मा, साफ आया. दोनों बार.”

तिनं हातातला काथ्या खाली ठेवला, ओल्या हातांनी बडीचं तोंड धरलं आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहिली. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तू अब शाम कू किसके पास जाती?”

मी म्हटलं, माझी काळजी करू नकोस, मला पुष्कळ कामं असतात. तिनं मान हलवली. माझं खोटं तिला पहिल्यापासून कळायचं.

जायच्या दिवशी ती माझ्या खोलीवर आली, शेवटची आंघोळ केली आणि जांभळी साडी घडी घालून पिशवीत ठेवली. चपलाही नेल्या. कपाटातला तो कप्पा मी पुढे कितीतरी दिवस रिकामाच ठेवला. संध्याकाळी बसमधून उतरून पाय गल्लीकडे वळायचे आणि मी त्यांना ओढून आणायची. दूध पुन्हा पिशवीचं. स्टोव्हला शिव्या पुन्हा सुरू.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी न राहवून मी डेअरीला गेले. फाटकावर रखवालदारानं विचारलं, कुठून आलात? मी कंपनीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, आत नाही सोडता येणार. जिथे खुरकुतीचं रक्त येतं तिथल्या माणसाला मनाई आहे. नियम आहे.” आणि त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. शब्दन् शब्द माझा होता. उन्हात उभी राहून मी तो वाचला आणि त्यात एक चूकही मला सापडली नाही. वाईट वाटलं, आणि हसूही आलं.

निरोप आत गेला होता. थोड्या वेळानं कुंपणापलीकडून अम्मा येताना दिसली, लगबगीनं, काखेत बोचकं. मी ओरडून सांगितलं, “अम्मा, मला आत येता येत नाही!”

“चिल्ला नक्को,” ती म्हणाली. “मालूम है मेरेकू.” फाटकाशेजारी बाहेरून येणाऱ्यांसाठी न्हाणी होती. तिनं बोचकं रखवालदाराच्या हाती दिलं. त्यात जांभळी साडी होती, पिवळ्या काठांची, तिचा ब्लाउज, साबणाची वडी आणि तिच्या चपला. “तू आयेगी उस दिन के वास्ते रखी थी. जा, सर पे से नहा. बाल भी धो. अंदर नक्को, बाहरीच मिलेंगे. मैं खडीच हूं इधर.”

मी डोक्यावरून आंघोळ केली. केस धुतले, घासून घासून, तिला शिकवलं होतं तसे. ब्लाउज मला ढगळ झाला, साडी घोट्यांच्या वर राहिली आणि चपलांतून टाचा बाहेर आल्या. दार उघडून मी बाहेर आले तेव्हा ती तिथेच उभी होती.